ला काप्रा फेलीचे : मोकेनी खोऱ्यातील एका चीज-व्यवसायाची दहा वर्षे

'ला काप्रा फेलीचे', म्हणजे 'सुखी शेळी', हा शेळीपालन, चीजनिर्मिती आणि चीजविक्री यांचा एकत्रित व्यवसाय. इथिओपियातून आश्रयासाठी आलेल्या अगितू इदेओ गुदेता यांनी तो 2010 नंतरच्या दशकात उत्तर इटलीतील त्रेन्तो स्वायत्त प्रांतात उभा केला. कळप आणि चीज करण्याची जागा मोकेनी खोऱ्यातील फ्रासिलोंगो या डोंगरी गावात होती. आधी माल बाजारातील मांडणीवरून विकला जाई. पुढे 2020 मध्ये त्रेन्तो शहरात स्वतःचे दुकान झाले. इतरांनी सोडून दिलेली कुरणे, दुर्मीळ होत चाललेली शेळीची एक स्थानिक जात आणि कोणी कामावर घ्यायला तयार नसलेली निर्वासित माणसे या तिन्हींना एका व्यवसायात आणणे, हे या संस्थेचे मोठे काम होय. तिची आठवण जपली पाहिजे ती मुख्यतः त्यासाठी.

खोरे आणि तेथील माणसे

त्रेन्तो शहराच्या पूर्वेला फेरसिना नदीचे खोरे आहे, तेच मोकेनी खोरे. फ्रासिलोंगो, फिएरोत्सो आणि पालू या गावांत आजही मोकेनो ही जर्मन कुळातील बोली बोलली जाते. तेराव्या शतकाच्या सुमारास आल्प्सच्या उत्तरेकडील जर्मनभाषक मुलखातून शेतकरी कुटुंबे येथे आली आणि त्यांनी उतारावर जंगल साफ करून एकेकटी घरे बांधली. पुढे तांबे आणि चांदीच्या खाणींमुळे आणखी माणसे आली. खाणी आटल्यावर हिवाळ्यात पाठीवर मालाची पेटी घेऊन दूरदूर फेरीचा धंदा करणे हा येथील पुरुषांचा जोडव्यवसाय झाला.

पहिल्या महायुद्धानंतर हा प्रदेश ऑस्ट्रियाकडून इटलीकडे आला. 1939 मध्ये हिटलर आणि मुसोलिनी यांच्यात करार झाला आणि इटलीतील जर्मनभाषकांना देश सोडणे किंवा भाषा सोडणे यांपैकी एक निवडावे लागले. मोकेनी खोऱ्यातील अनेक कुटुंबे त्यामुळे बोहेमियात गेली आणि युद्ध संपल्यावर हाल सोसत परत आली. 1999 च्या 482 क्रमांकाच्या कायद्याने इटलीने आपल्या ऐतिहासिक भाषिक अल्पसंख्याकांना संरक्षण दिले. अशा रीतीने, स्वतःच अल्पसंख्य असलेल्या आणि परागंदा होण्याचे दुःख भोगलेल्या समाजात गुदेता यांचा व्यवसाय रुजला.

दुसऱ्या महायुद्धानंतर आल्प्समधील डोंगरशेती झपाट्याने घटली. तरुण माणसे कारखान्यांकडे आणि पर्यटनाकडे वळली. गवत कापणारे हात उरले नाहीत, तशी उतारावरची कुरणे काटेरी झुडपांनी आणि मग झाडांनी भरून गेली. त्रेन्तो प्रांतात गावाच्या सामायिक मालकीच्या जमिनींची जुनी परंपरा आहे. आपल्याकडील गायरानाशी तिचे जवळचे साम्य आहे. वापर थांबल्यामुळे अशा पुष्कळ जमिनी ओस पडल्या होत्या.

पेत्साता मोकेना

या खोऱ्याची आणि शेजारच्या लागोराय पर्वतरांगेची स्वतःची एक शेळी आहे, पेत्साता मोकेना. अंगावर ठळक ठिपके आणि पट्टे असलेली ही जात दूध आणि मांस दोन्हींसाठी पाळली जाई. चढउताराच्या, दगडी जमिनीवर ती सहज वावरते आणि गायीच्या कामाच्या नसलेल्या झुडपांवर पोट भरते.

तिची संख्या घटण्यामागे सरकारी धोरणाचाही हात आहे. शेळी जंगलाची नासाडी करते, असे मानून फॅसिस्ट राजवटीने 1927 मध्ये शेळ्यांवर खास कर बसवला. शेळी हे गरिबाचे जनावर. गाय घेण्याची ऐपत नसलेल्या घरात तीच दूधदुभत्याचा आधार असते. कर भरणे न परवडल्याने आल्प्समधील आणि दक्षिण इटलीतीलही अनेक कुटुंबांनी शेळ्या विकल्या किंवा कापल्या. त्यानंतर जास्त दूध देणाऱ्या सुधारित जाती आल्या आणि स्थानिक जाती मागे पडल्या. पेत्साता मोकेनाही नामशेष होण्याचा धोका असलेल्या जातींत गणली जाऊ लागली. गुदेता यांनी कळपासाठी हीच जात निवडली. तिचे दूध सुधारित जातींपेक्षा कमी, पण त्या उतारावर, त्या चाऱ्यावर आणि त्या थंडीत टिकणारी तीच, हा त्यामागचा व्यवहारी विचार होता.

संस्थापिका

अगितू इदेओ गुदेता यांचा जन्म 1 जानेवारी 1978 रोजी अदिस अबाबा येथे झाला. त्यांचे घराणे पशुपालकांचे. शेळ्या राखणे आणि दूध काढणे त्या आजीकडून शिकल्या. अठराव्या वर्षाच्या सुमारास त्या इटलीत आल्या आणि त्रेन्तो विद्यापीठात समाजशास्त्र शिकल्या. इटलीत या विषयाचे पदवी शिक्षण सर्वप्रथम 1962 मध्ये याच शहरात सुरू झाले होते.

शिक्षणानंतर त्या मायदेशी परतल्या आणि ग्रामीण भागात काम करू लागल्या. त्या काळात इथिओपिया सरकारने शेतीच्या आणि चराईच्या मोठमोठ्या जमिनी देशी-परदेशी कंपन्यांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यास सुरुवात केली होती. घेणाऱ्यांत भारतीय कंपन्याही होत्या. कागदोपत्री सरकारी असलेली ही जमीन प्रत्यक्षात शेतकऱ्यांच्या आणि गुराख्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीची होती. ती अशी हातची जाण्याविरुद्ध झालेल्या आंदोलनात गुदेता सामील झाल्या. सहकाऱ्यांची धरपकड सुरू झाली, जिवाला धोका निर्माण झाला, तेव्हा 2010 मध्ये त्यांनी देश सोडला. त्या इटलीत पोहोचल्या तेव्हा त्यांच्याजवळ 200 युरो होते. त्रेन्तो हे ओळखीचे शहर असल्याने त्या तेथेच राहिल्या आणि सुरुवातीला एका बारमध्ये काम करून त्यांनी चार पैसे साठवले.

स्थापना आणि वाढ

जमीन विकत घेण्याइतके भांडवल नव्हते. म्हणून गुदेता यांनी ओस पडलेल्या सार्वजनिक कुरणांकडे लक्ष वळवले आणि सुमारे 11 हेक्टर जमीन वापरात आणली. पहिला कळप 15 शेळ्यांचा होता. झुडपांनी व्यापलेली जमीन साफ करण्याचे निम्मे काम शेळ्यांनीच केले. शेळी गवताआधी कोवळे फुटवे, पाला आणि काटेरी झुडपे खाते. त्यामुळे रानात गेलेले कुरण पुन्हा उघडण्यासाठी तिच्याइतके उपयोगी जनावर दुसरे नाही. झुडपे मागे हटतात, उजेड जमिनीवर पडतो आणि एक-दोन हंगामांत गवत परतते. ज्या जनावराला 1927 मध्ये जंगलाचा शत्रू ठरवले गेले, त्याच जनावराने पुढे गावाची कुरणे वाचवली.

2018 पर्यंत कळप 180 शेळ्यांपर्यंत गेला. एवढ्या शेळ्यांचे काम पहाटे धारेने सुरू होई आणि संध्याकाळच्या धारेने संपे. मधल्या वेळात चराई, चीज करणे, मुरत ठेवलेल्या चीजची देखभाल आणि विक्री ही कामे उरकावी लागत. डोंगरात लांडगे आणि अस्वले पुन्हा दिसू लागली होती. त्रेन्तो प्रांताच्या पश्चिम भागात 1999 ते 2002 या काळात स्लोव्हेनियातून 10 अस्वले आणून सोडली होती आणि त्यांची संख्या वाढत गेली. त्यामुळे कळपाजवळ रात्रीही राखण ठेवावी लागे.

चीजनिर्मिती

येथील चीज कच्च्या, म्हणजे न तापवलेल्या दुधाचे असे. दूध तापवले की त्यातील घातक जंतूंबरोबर कुरणातून आणि गोठ्यातून आलेले उपयुक्त जंतूही मरतात. चव एकसारखी होते आणि जागेची ओळख पुसली जाते. मात्र कच्च्या दुधाच्या चीजला स्वच्छतेची शिस्त फार कडक लागते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार शेळीच्या कच्च्या दुधातील जंतूंची संख्या एका मिलिलिटरला 15 लाखांच्या आत असावी लागते. ते दूध न तापवता वापरायचे असेल तर ही मर्यादा 5 लाखांवर येते. कास धुण्यापासून भांडी उकळण्यापर्यंत प्रत्येक पायरी याच हिशेबाने आखावी लागते.

शेळीच्या मऊ चीजची रीत दिसायला साधी आहे. ताजे दूध खोलीच्या उबेवर ठेवून त्याला थोडे विरजण आणि रेनेटचे, म्हणजे दूध गोठवणाऱ्या द्रवाचे, अगदी मोजके थेंब लावतात. सुमारे एक दिवस ते हलवायचे नसते. भांड्याच्या कडेला पिवळसर निवळी सुटली आणि वर दह्याची गुळगुळीत कवडी बसली की ते तयार झाले असे समजतात. मग सपाट पळीने थर न मोडता ते भोके पाडलेल्या छोट्या साच्यांत भरतात. घाई केली, दही घुसळले गेले, तर चक्का दाणेदार होतो. निवळी गळत जाते तसे साच्यातील चीज अर्ध्यावर बसते. मग ते उलटे करायचे, दोन्ही बाजूंना मीठ लावायचे आणि जाळीवर सुकायला ठेवायचे. ताजे खायचे चीज काही दिवसांत विकता येते. मुरवायचे चीज थंड, दमट खोलीत आठवडेच्या आठवडे ठेवून सतत उलटावे लागते. कठीण, जास्त दिवस मुरलेल्या चीजच्या एका किलोला साधारण 8 ते 10 लिटर दूध लागते. महाग शेळी-चीजच्या किमतीत हे दूध, ही जागा आणि हा वेळ धरलेला असतो.

शेळीचे दूध वर्षभर सारखे मिळत नाही. गाभण काळ साधारण 150 दिवसांचा. शेळ्या हिवाळ्याच्या शेवटी किंवा वसंताच्या सुरुवातीला वितात. उन्हाळ्यात दूध भरपूर असते आणि थंडीत ते आटते. म्हणून उन्हाळ्यात मुरवायचे चीज करून ठेवणे आणि हिवाळ्यात ते विकणे, असा ताळमेळ बसवावा लागतो. गुदेता यांनी ताज्या आणि मुरवलेल्या चीजबरोबर दही आणि शेळीच्या दुधाची त्वचेसाठीची क्रीम व साबण यांचीही जोड दिली. नाशवंत दुधाचे टिकाऊ पदार्थ झाले आणि वर्षभर गल्ल्यात काही ना काही पडत राहिले.

बाजारातून दुकानाकडे

छोट्या उत्पादकापुढे मोठा प्रश्न विक्रीचा असतो. ठोक व्यापाऱ्याला एकसारखा आणि भरपूर माल ठरलेल्या तारखेला हवा असतो. कच्च्या दुधाच्या, हंगामी चीजला ही अट पाळता येत नाही. शिवाय मधल्या हातांनी नफा घेतला की पशुपालकाच्या पदरात थोडेच उरते. म्हणून गुदेता यांनी थेट विक्रीचा मार्ग धरला. बाजाराच्या दिवशी मांडणीमागे त्या स्वतः उभ्या असत. चीज कोणत्या चाऱ्याच्या दिवसांतले आहे, किती मुरलेले आहे, कशाबरोबर खावे, हे करणाऱ्यानेच सांगितले की गिऱ्हाईक किंमत समजून घेते आणि परत येते.

2020 मध्ये त्रेन्तोच्या पियात्सा वेनेत्सिया भागात 'ला काप्रा फेलीचे'चे दुकान उघडले. त्या वर्षी मार्चपासून इटलीत कडक टाळेबंदी होती आणि बाजार विस्कळित झाले होते. अशा वेळी छपराखालचे कायमचे दुकान काढणे धाडसाचे होते, पण त्यामागे हिशेब होता. मांडणी बाजाराच्या दिवशीच चालते, दुकान रोज उघडते. मुरलेले चीज शीतपेटीत नीट ठेवता येते. शहरातील नेहमीचे गिऱ्हाईक बांधले जाते. त्याचबरोबर खर्चही वाढतो. भाडे, वीज आणि नोकरांचे पगार दर महिन्याला ठरलेले, पण दूध मात्र हंगामी. छोट्या चीज-दुकानाचे अर्थकारण या दोन टोकांमध्ये सांभाळावे लागते.

सर्वांना सामावून घेणारे काम

गुदेता यांनी आफ्रिकेतून आलेल्या तरुण निर्वासितांना कामावर घेतले आणि त्यांना हे काम शिकवले. त्यांत मालीतून आलेला एक तरुणही होता. आश्रयासाठी अर्ज केलेल्या माणसापुढे भाषा, कागदपत्रे आणि अनुभव अशा तिहेरी अडचणी असतात. पशुपालक घरातून आलेल्याला मात्र जनावराची जाण असते. शाळेचा दाखला नसला तरी हे ज्ञान त्याच्याकडे असते. डोंगरातील पशुपालनाला माणसे मिळत नाहीत आणि या माणसांना काम मिळत नाही, ही दोन्ही टोके येथे जुळली.

हे काम अनुकूल वातावरणात झाले नाही. 2018 मध्ये इटलीत स्थलांतराला कडवा विरोध करणारा पक्ष केंद्रात सत्तेत सहभागी झाला आणि त्याच वर्षी त्रेन्तो प्रांतातही सत्तेवर आला. त्या वर्षाच्या शेवटी आलेल्या नव्या कायद्याने मानवतेच्या आधारावर मिळणारे वास्तव्याचे परवाने जवळजवळ बंद झाले. त्याच काळात गुदेता यांना वर्णद्वेषी शिवीगाळ, धमक्या आणि मारहाण सोसावी लागली. त्यांनी गप्प न बसता तक्रार केली. त्या प्रकरणात एका शेजाऱ्याला मारहाणीबद्दल जानेवारी 2020 मध्ये 9 महिन्यांची शिक्षा झाली. ही जमीन तुझी नाही, असे ज्या बाईला सुनावले गेले, तिनेच ती जमीन पुन्हा कसण्याजोगी केली होती. खोऱ्यातील बहुसंख्य माणसे मात्र त्यांच्याशी आपुलकीने वागली. त्यांच्याकडून चीज घेणारे, त्यांना जनावरांच्या कामात मदत करणारे आणि सणाला बोलावणारे शेजारीही याच गावांतले होते.

मान्यता

2015 मध्ये स्लो फूड या संघटनेच्या 'चीज' महोत्सवात गुदेता यांना 'रेझिस्तेन्झा काझेआरिया', म्हणजे चीजच्या परंपरेसाठी दिलेल्या लढ्याबद्दलचा सन्मान मिळाला. स्थानिक जाती आणि कच्च्या दुधाचे चीज टिकवणाऱ्या छोट्या उत्पादकांची या संघटनेभोवतीची बिरादरी जगभर पसरलेली आहे. या सन्मानामुळे निर्वासित स्त्री या ओळखीबरोबर उत्तम चीज करणारी कारागीर ही त्यांची ओळख पक्की झाली. पुढे इटलीतील आणि परदेशांतील वृत्तमाध्यमांनी त्यांच्यावर लिहिले. त्या परिषदांत आणि शाळा-महाविद्यालयांत बोलू लागल्या. स्थलांतर, जमिनीचा हक्क आणि डोंगरी शेती हे तीन विषय त्या अनुभवातून एकत्र मांडत.

संस्थापिकेचा मृत्यू आणि नंतर

29 डिसेंबर 2020 रोजी फ्रासिलोंगो येथील राहत्या घरी अगितू गुदेता यांचा खून झाला. त्यांच्याकडे हंगामी काम करणाऱ्या एका कामगाराने पगाराच्या वादातून हा गुन्हा केला आणि त्याला न्यायालयाने दीर्घ मुदतीची शिक्षा दिली. मृत्यूसमयी गुदेता 42 वर्षांच्या होत्या. ज्या वर्गातील माणसांना त्यांनी आधार दिला, त्याच वर्गातील एकाने त्यांचा जीव घेतला, यावरून काहींनी स्थलांतरितांविरुद्ध बोलण्याची संधी साधली. त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि मित्रमंडळींनी मात्र त्यांच्या कामाचा तो अर्थ होऊ दिला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेने त्यांच्या कार्याचा गौरव करून यशस्वी एकात्मतेचा आदर्श म्हणून त्यांची आठवण राहावी, अशी भावना व्यक्त केली. त्रेन्तोमध्ये लोकांनी मेणबत्त्या आणि फुले ठेवून श्रद्धांजली वाहिली.

त्या वेळी कळपात सुमारे 80 शेळ्या होत्या. दुभत्या जनावरांना एक दिवसही वाऱ्यावर सोडता येत नाही. खोऱ्यातीलच एका तरुण पशुपालक मुलीने त्यांची काळजी घेण्याचे काम तातडीने अंगावर घेतले. कळप वाचला. पण व्यवसायाचे सर्व धागे, म्हणजे चीज करण्याचे कसब, गिऱ्हाइकांशी संबंध, परवाने, हिशेब आणि पुढच्या योजना, एकाच व्यक्तीच्या हाती होते. त्यामुळे संस्थापिकेच्या पश्चात 'ला काप्रा फेलीचे' पूर्वीसारखे चालवणे अवघड होते.

कार्याचे मोल

या दहा वर्षांतून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, भांडवल नसलेल्या माणसालाही सामायिक जमिनीवर हक्काने काम करता आले, तर ओस पडलेला डोंगर पुन्हा उत्पन्न देऊ शकतो. गावाच्या मालकीची जमीन ही केवळ गतकाळाची खूण नाही, तर नव्याने येणाऱ्याला उभे राहण्याची जागा आहे. दुसरी, स्थानिक जात आणि कच्चे दूध यांचा आग्रह धरणारा छोटा उत्पादक थेट विक्रीच्या जोरावर मोठ्या दुग्धउद्योगाच्या शेजारी टिकू शकतो. त्याच्या मालाची किंमत समजणारे गिऱ्हाईक घडवणे हे त्याच्या कामाचेच अंग असते. तिसरी, अल्पसंख्य मालकाचा व्यवसाय कौतुकाने उभा राहत असला तरी केवळ कौतुकावर टिकत नाही. कायद्याचे वेळीच संरक्षण, पगार आणि खेळत्या भांडवलासाठी आधार, आणि कामाचा वारसा घेणारी सहकारी रचना या तीन गोष्टी असल्या तरच एका व्यक्तीने उभे केलेले काम तिच्या पश्चात चालू राहते. खोऱ्यात आज जी कुरणे मोकळी आहेत, पेत्साता मोकेनाची जी नवी पिढी चरते आहे आणि जे तरुण या कामाकडे वळत आहेत, त्यांना या आधाराची गरज आहे.